लाल पडलेली सायकल

दादाचं दुकान पुन्हा चालायला लागलं, याचा यामिनीला मनापासून आनंद झाला होता. हर्षल भोळे हे सावदा-फैजपूर रस्त्यावरचं एकेकाळचं नावाजलेलं नाव. मोटारसायकलच्या टाकीवर त्यानं काढलेला गरुड असो की ज्वाळा, माणसं लांबून ओळखायची. पुढे पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून हद्दपार झाल्या आणि विजेच्या गाड्या बहुतेकांच्या आवाक्यातच आल्या नाहीत. रंगवायला टाकीच उरली नाही, तेव्हा हर्षलच्या दुकानाचं शटर दिवसचे दिवस अर्धं खाली असायचं. शुभांगीवहिनी शिवणकाम करून घर रेटत होती. आणि आता अचानक दुकानापुढे सायकली उभ्या दिसायला लागल्या.

"लोकांना आता सायकलीलाही रंग लागतो," हर्षल फोनवर म्हणाला होता. यामिनीनं जास्त खोलात विचारलं नाही. त्या सायकली तिच्याच कारखान्यातल्या होत्या, त्यामुळे तिला उलट बरंच वाटलं.

खोडसायकल हे नाव लोकांनीच पाडलं होतं. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीचा घड कापला की उरलेलं खोड बांधावर कुजत पडायचं. भुसावळच्या कारखान्यानं ते उचललं. खोडातून धागा काढायचा, धाग्यांवर एक निरुपद्रवी जिवाणू वाढवायचा. हा जिवाणू स्वतःभोवती सेल्युलोजची अतिशय बारीक जाळी विणतो आणि त्या जाळीत धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. मग तो ओला गोळा साच्यात घालून तापवून दाबला की नळी तयार. वजनाला हलकी, ताकदीला लोखंडाच्या जवळपास आणि किंमत लोखंडी सायकलीच्या पाव. पाच-सहा वर्षांत जिल्ह्यातल्या अर्ध्या घरांत खोडसायकल आली. पॅकिंग हाउसमध्ये केळी धुणाऱ्या बाया, आशाताई, कॉलेजच्या मुली, सगळ्या तिच्यावर.

तिच्यात खोट एकच होती आणि ती यामिनीला पहिल्यापासून माहीत होती. यामिनी तिथली रसायनतज्ज्ञ. लोखंड मरायच्या आधी बोलतं. गंजतं, वाकतं, करकरतं. खोडाचं तसं नव्हतं. प्रत्येक खड्ड्यागणिक आतली जाळी थोडी थोडी तुटायची, पावसाळ्यात तिथं दमट हवा शिरून धागे फुगायचे, उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस अंशांत ते सुकून आखडायचे आणि भेग रुंद व्हायची. बाहेरून सायकल नव्यासारखी गुळगुळीत. मग एक दिवस, काही न सांगता, बिस्किटासारखी मोडायची.

म्हणून यामिनीनं खूण शोधली. परागकणांहून लहान अशा कुप्यांत तिनं एक रंगहीन द्रव भरला आणि त्या कुप्या साच्यातच मिसळल्या. जाळी तुटली की कुपी फुटायची आणि तो द्रव जाळीच्या तुटक्या टोकांना लागला की लाल व्हायचा. चिकूच्या सालीसारख्या तपकिरी फ्रेमवर आधी लाल रेघ उमटायची, मग ठिपका, मग डाग. डाग तळहाताएवढा झाला की सायकल चालवायची नाही. मालक गिरीश अत्तरदे यांना ती कल्पना आवडली नव्हती. आपला माल खराब झाला असं आपणच ओरडून सांगायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. यामिनी सहा महिने त्यांच्या मागे लागली होती. शेवटी ते म्हणाले, "कर बाई. उद्या कुणी मेलं तर तुझा शाप नको मला."

खूण आल्यावर वर्षभर तिला समाधानाची झोप लागली.

मग विमा कंपन्यांनी अट घातली. कामगार लाल सायकलीवरून येताना पडला तर भरपाई मिळणार नाही. झालं, पॅकिंग हाउसवाल्यांनी, शीतगृहांनी, सूतगिरणीनं फाटकावर पहारेकरी बसवले. सायकल लाल पडली असेल तर आत घेत नाहीत, दिवस बुडाला. शाळांनीही तेच केलं. लाल सायकल दिसली की लोक बाजूला सरकायचे, ते धोक्यामुळे कमी आणि दारिद्र्य दिसलं म्हणून जास्त. नवी घ्यायची ऐपत नाही, एवढाच त्या डागाचा अर्थ उरला.

हे सगळं यामिनीच्या कानावर येत होतं. पण त्याचा आणि दादाच्या दुकानाचा संबंध तिनं जोडला नाही. एकदा रावेरहून परत येताना, ऐन दुपारी, ती न कळवता दुकानाशी उतरली, तेव्हा तो संबंध तिला डोळ्यांनी दिसला.

हर्षल पाठमोरा बसून फ्रेम घासत होता. हँडलखालच्या सांध्यावर तळहाताहून मोठा लाल डाग होता. घासून त्यानं त्यावर भेगा बुजवायची लांबी भरली, हात फिरवून पाहिला आणि तपकिरी रंगाचा फवारा मारला. डाग गेला. मग खारीच्या केसांचा बारीक ब्रश घेऊन त्यानं नळीवर एक काळी रेघ ओढली, केसाएवढी बारीक, आणि शेवटी तिला वरच्या अंगाला एक वेलांटी दिली. मोटारसायकलच्या काळातली ती त्याची सवय होती. बाकावर एक बाई डोक्यावर पदर घेऊन रंग वाळायची वाट बघत बसली होती.

"दादा, हे काय करतोस?"

हर्षल दचकला नाही. हात पुसत म्हणाला, "रंग देतो. माझा धंदा आहे."

"ही फ्रेम आतून गेलीय. आज तुटेल की महिन्यानं, देवालाही सांगता यायचं नाही."

"त्यांना माहीत आहे. विचार."

यामिनीनं बाईकडे पाहिलं. बाई खाली बघत म्हणाली, "फाटकावर सोडत नाहीत, ताई."

"म्हणून जीव द्यायचा?"

हर्षलनं तिला पाणी दिलं आणि यामिनीला दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं आणखी चार सायकली होत्या. चारही लाल.

"तू लाल रंग काढलास," तो म्हणाला. "चांगलं केलंस. पण लाल पडल्यावर त्या बाईनं काय करायचं, ते काढलंस का?"

"नवी घ्यायची. म्हणून तर ती स्वस्तात करतो आम्ही."

"स्वस्त कोणाले? तुले आणि मले." चिडला की त्याच्या तोंडी घरची बोली यायची. "मी नाही रंगवली तर ती काय पायी जाईल? घरी बसंल. मी प्रत्येकाला सांगतो, हळू चालवा, उतारावर उतरून हातात धरा. तुझ्या कारखान्यानं एवढं तरी सांगितलं का कोणाले?"

यामिनी एवढंच म्हणाली, "बंद कर, दादा. माझ्यासाठी बंद कर."

तो बराच वेळ ब्रश धुवत राहिला. "हातातलं काम संपलं की बंद करतो," म्हणाला.

वहिनीनं जेवायला थांबवून घेतलं. शेवभाजी केली होती. घरात नवा पंखा आला होता, आई त्याच्याखाली बसली होती, वहिनी हसत होती आणि दादा तिची मस्करी करत होता. असं घर यामिनीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. निघताना तिनं पुन्हा विषय काढला नाही. पुढेही फोनवर कधी विचारलं नाही. त्यानं बंद केलं असेल असं ती धरून चालली.

ज्योत्स्ना तायडे पावसाळा संपता संपता गेली. पॅकिंग हाउसमधून घरी निघाली होती. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या उतारावर हँडलखालचा सांधा मोडला. हँडल हातात आणि बाकीची सायकल पुढे, असं पाहणारे सांगत होते. मागून केळीचा ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, पण उतार होता.

सरकारनं चौकशी समिती नेमली. तुटलेली फ्रेम तपासायला तज्ज्ञ म्हणून यामिनीला बोलावणं आलं. जळगावच्या एका सभागृहात लांब टेबलावर तपकिरी नळीचे दोन तुकडे ठेवले होते. समोर समितीच्या अध्यक्षा, बाजूला गिरीश अत्तरदे आणि त्यांचे वकील. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ज्योत्स्नाचा नवरा भागवत बसला होता. पाहिलं तर माणूस तिशीतला, पण अंग चोरून म्हाताऱ्यासारखा बसलेला.

यामिनीनं पात्यानं सांध्याजवळचा रंग खरवडला. तपकिरी साल निघाली. खाली लांबी, आणि लांबीखाली लाल. पूर्ण लाल, भाजलेल्या विटेसारखं.

"म्हणजे खूण उमटली होती," अध्यक्षा म्हणाल्या.

"उमटली होती. झाकली गेली."

भागवत उठून टेबलाशी आला. त्याला कुणी अडवलं नाही. तो त्या लाल तुकड्याकडे बघत राहिला.

"मॅडम, ही मी फैजपूरच्या बाजारातून आणली होती, जुनी," तो म्हणाला. "तिथं धा सायकली होत्या. मी एक एक फिरवून पाहिली. लाल असलेल्या बाजूला काढल्या. ही तपकिरी होती म्हणून घेतली." थोडं थांबून तो म्हणाला, "मी निवडून घेतली."

यामिनीला दुकानातलं दादाचं वाक्य आठवलं. त्यांना माहीत आहे, विचार. ज्यानं रंगवून घेतली त्याला माहीत होतं. त्यानं पुढे विकली. ज्योत्स्नाला कुणी सांगितलं नव्हतं की उतारावर उतरून हातात धर.

"रंग कुणाच्या हातचा आहे, यावरून काही सांगता येईल?" अध्यक्षांनी सहज विचारलं. उत्तराची त्यांना फारशी आशा नव्हती.

यामिनीनं दुसरा तुकडा हातात घेतला. नळीवर एक काळी रेघ होती, केसाएवढी बारीक, आणि शेवटी वरच्या अंगाला वेलांटी. रंगाची दुकानं जिल्ह्यात आता पन्नास तरी झाली असतील. ती नाही म्हणाली असती तर पुढे कुणी विचारलं नसतं. भागवत अजून टेबलाशीच उभा होता, त्याच्या शर्टाची बाही तिच्या हाताला लागत होती.

"सांगता येईल," ती म्हणाली.

हर्षलला खूण झाकल्याबद्दल आणि मृत्यूस कारण झाल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात त्यानं वकिलाला फारसं बोलू दिलं नाही. निकालाच्या दिवशी यामिनी वहिनीजवळ गेली. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, रागानं नाही, ओळख नसल्यासारखं, आणि म्हणाली, "ताई, तुम्ही खरं तेच बोललात. आता आमच्या घरी येऊ नका."

पोलिसांनी पंधरवड्यात बाकीची दुकानंही बंद पाडली. आता कुणी रंगवत नव्हतं. रस्त्यावर एकदम किती लाल सायकली आहेत ते उघड झालं आणि फाटकांवरून बायांचे तांडेच्या तांडे परत फिरायला लागले. पॅकिंग हाउसांत केळी पडून राहिली. ओरड मंत्रालयापर्यंत गेली. तेव्हा गिरीश अत्तरदेंनी यामिनीला बोलावून घेतलं.

त्यांच्या टेबलाशी नवी सायकल उभी होती.

"यात खूण नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून हीच निघेल. जुन्या लाल सायकली परत घेऊ, थोडी सूट देऊ."

"खूण नाही म्हणजे?"

"समितीच्या अहवालातच आहे. खूण झाकली जाते, मग लोकांना खोटा भरवसा वाटतो. खूणच नसली तर झाकायचा प्रश्न नाही, आणि खोट्या भरवशाचाही नाही. दोन वर्षांनी बदला, असं लेबल लावलंय."

यामिनीनं लेबल पाहिलं. कागदाचं होतं. पहिल्या धुण्यात निघालं असतं.

"सर, माणसं मरतील."

गिरीशरावांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, तिच्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेले होते. "यामिनी, तुझा लाल रंग बघून किती जणांनी नवी सायकल घेतली? आपल्याकडे आकडे आहेत. जवळजवळ कुणीच नाही. त्यांनी रंगवली, विकली, नाहीतर कामावरून गेले. तुझ्या खुणेनं एक जीव वाचवला असेल तर दाखव. मी आजच्या आज परत चालू करतो."

दाखवता येण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. फाटकावरून परत गेलेल्या बाया जिवंत होत्या, पण त्या खुणेमुळे जिवंत आहेत हे कसं दाखवायचं? न झालेल्या अपघाताचे तुकडे टेबलावर ठेवता येत नाहीत. तिनं राजीनामा दिला. गिरीशरावांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मग मंजूर केला.

तुरुंगात भेटीच्या दिवशी हर्षल भेटेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तो आला. जाळीपलीकडे बसला. वाळला होता. नखांतला रंग अजून गेला नव्हता.

"आई बरी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. वहिनी भेटू देत नाहीत मला, पण बरी आहे असं कळतं."

"शुभांगी कामाला जाते म्हणे."

"हो. पॅकिंग हाउसला. धुण्याच्या हौदावर."

त्यानं अंगठ्यानं नखातला रंग खरवडला. मग म्हणाला, "आता कोण रंगवतं?"

"कुणी नाही, दादा." तिला सांगायचं नव्हतं, पण तो वाट बघत होता. "आता लाल पडतच नाहीत. कारखान्यानं खूण काढून टाकली."

एवढं समजायला त्याला वेळ लागला.

"सगळ्याच तपकिरी?"

"सगळ्याच."

"मग मी आत काबरं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं.

सावद्याच्या बाहेर एक बंद पेट्रोल पंप होता. छप्पर शाबूत होतं. यामिनीनं तिथं टेबल टाकलं. पॅकिंग हाउसला जाणाऱ्या साऱ्या बाया सकाळी तिथूनच जायच्या. काम साधं होतं. हँडलखालच्या सांध्यात सुईएवढं भोक पाडायचं, त्यात तोच द्रव थेंबभर सोडायचा आणि कापूस फिरवून काढायचा. कापूस पांढरा आला तर जाळी शाबूत, गुलाबी आला तर सांभाळून, लाल आला तर सायकल चालवायची नाही. पैसे काही घेणार नव्हती.

सुरुवातीला कुणी थांबेना. भोक पाडल्यानं सायकल कमजोर होते अशी अफवाही उठली. मग एक आशाताई थांबली, तिचा कापूस पांढरा आला आणि ती हसत गेली. मागून आणखी दोघीतिघी आल्या. एका कॉलेजच्या पोरीचा कापूस लाल आला. ती तिथंच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती त्याच सायकलीवरून गेली, पंपाकडे न बघता. यामिनीनं हाक मारली तशी तिनं वेग वाढवला.

त्यानंतर यामिनी हाका मारीनाशी झाली. ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं यावं.

वर्ष उलटून पुन्हा थंडी संपत आली होती तेव्हा एका सकाळी शुभांगीवहिनी आली. सायकलवरून उतरली आणि टेबलापासून चार हातांवर उभी राहिली. साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते काही केल्या निघत नाहीत. सायकल नव्या तऱ्हेची होती, पण कुणीतरी वापरलेली, बाजारातून घेतलेली.

"उतारावर हँडल डुगडुगतं," ती म्हणाली. "बघा."

यामिनीनं भोक पाडलं. थेंब सोडला. कापूस फिरवताना तिनं कोपर टेबलाला टेकवलं. कापूस बाहेर आला तो गडद लाल.

वहिनीनं तो पाहिला. विचारायची गरज पडली नाही.

"वहिनी, ही इथं ठेवा. माझी सायकल घेऊन जा. लोखंडी आहे. मी आजच तुमच्यासाठी दुसरी बघते."

"तुमच्याकडून नको."

"माझ्यासाठी नाही म्हणत मी. दादासाठी घ्या. आईसाठी घ्या."

"ताई, तुमच्याकडून काही नको." वहिनीनं आवाज चढवला नाही. पलीकडच्या रस्त्यावरून बायांच्या सायकली जात होत्या, एकीनं वहिनीला हात केला, वहिनीनंही केला. "आज उशीर झाला तर हौद दुसरीला देतील. पगार झाला की बघीन मी."

"तोवर?"

"उतारावर उतरीन. हळू चालवीन." तिनं सायकल पुढे ओढून घेतली आणि सांध्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. "हे तेवढं बुजवून द्या. फाटकावर भोक दिसलं की विचारतात, काय निघालं म्हणून."

यामिनी उभीच राहिली. वहिनी वाट बघत राहिली.

मग यामिनीनं लांबीचा डबा उघडला. बोटानं चिमूटभर घेऊन भोकात दाबली, कडेनं जास्तीची पुसून काढली आणि वर तपकिरी रंगाचा हात फिरवला. तीनदा फिरवला, कुठं काही राहिलं नाही ना ते वाकून पाहिलं. सांधा गुळगुळीत झाला होता.

"वाळू द्या थोडं," ती म्हणाली.

"जाता जाता वाळेल," वहिनी म्हणाली. तिनं डब्याची पिशवी हँडलला अडकवली, पदर खोचला आणि ती निघाली. पुलाच्या दिशेनं जाणाऱ्या बायांत मिसळली. सगळ्यांच्या सायकली तपकिरी होत्या. थोड्या अंतरावर गेल्यावर त्यांतली वहिनीची कोणती, ते यामिनीला सांगता येईना. पाठीमागे टेबलाशी दुसरी एक बाई सायकल धरून उभी होती आणि तिचीही बघता का, असं विचारत होती.